१८०९ : एकच ठळक घटना घ्यायची तर कोणती?

सालवार विचारतात:
एका सालाला एक पान, असं काम हाती घेतलंय. पानावर तीन रकाने : घटना, जन्म, मृत्यू. १८०९ पाशी गाडी अडली आहे. जन्मांचा रकाना भरून वाहतोय. लुई ब्रेल, एडगर अ‍ॅलन पो, मेंडेलसन, टेनिसन, ग्लॅडस्टन, आणि १२ फेब्रुवारी या एकाच तारखेला डार्विन आणि लिंकन! घटना बघायला जावं तर जिकडेतिकडे नेपोलियन. मे महिन्यात व्हिएन्ना घेतलं, आस्पर्नला मार खाल्ला, जुलैत वाग्रामला जिंकला. ठळक अक्षरात एकच घटना छापायची आहे. तुम्ही कोणती घ्याल, आणि का?

नकाशेवाला:
तह घ्या, लढाया नकोत. २५ एप्रिलला रणजितसिंह आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात अमृतसरचा तह झाला आणि सतलज ही सीमा ठरली. १७ सप्टेंबरच्या तहाने स्वीडनने फिनलंड रशियाला देऊन टाकला, तो १९१७ पर्यंत रशियाकडेच होता. वाग्रामपेक्षा या दोन सह्या जास्त टिकल्या.

मंद्रसप्तक:
घटनेचं तुम्ही ठरवा, पण मृत्यूचा रकाना दोन ओळींत उरकू नका. ३१ मे रोजी व्हिएन्नात हायडन गेला, वय ७७. शहरात फ्रेंच सैन्य होतं आणि म्हाताऱ्या संगीतकाराच्या दाराशी पहारा नेपोलियनच्याच शिपायांचा. पुढच्याच आठवड्यात, ८ जूनला, न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन स्वातंत्र्याची बाजू मांडणारा लेखक टॉमस पेन गेला. त्याच्या अंत्ययात्रेला जेमतेम पाचसहा माणसं. दोघांनाही मेल्यावर स्वस्थता नाही. हायडनचं डोकं कबरीतून चोरलं गेलं, ते धडाशेजारी पोचायला १९५४ उजाडलं. पेनची हाडं १८१९ मध्ये इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटने उकरून इंग्लंडला नेली आणि ती पुढे हरवलीच.

भूलवाली:
मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझं मत एकाच बाजूला झुकणार. ठळक अक्षरात जेन टॉड क्रॉफर्ड हे नाव छापा.

डिसेंबर १८०९, अमेरिकेतलं केंटकी. वय पंचेचाळिशीच्या पुढे, पोट इतकं वाढलेलं की आधी ती गरोदर आहे असंच समजत होते. डॉ. इफ्रेम मॅकडॉवेल यांनी तपासलं आणि अंडाशयाची गाठ असल्याचं सांगितलं. पोट उघडून अशी गाठ काढून रोगी वाचल्याची नोंद तेव्हा नव्हती. हा प्रयोग आहे, हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. ती तयार झाली. मग सुमारे ६० मैल, म्हणजे शंभरेक किलोमीटर, घोड्यावर बसून डॅनव्हिलला त्यांच्या घरी आली. वाटभर गाठ खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकत होती. पोटावर त्याचा मुका मार उमटला होता, हे डॉक्टरांनी स्वतः लिहून ठेवलंय.

शस्त्रक्रिया सुमारे २५ मिनिटं चालली. भूल नाही. ती स्तोत्रं म्हणत होती, असं सांगतात. पोट उघडताच आतडी बाहेर टेबलावर आली आणि गाठ निघेपर्यंत आत घालता येईनात. हे वाक्य वाचताना माझे हात थांबतात. जागा माणूस वेदनेने कुंथतो, पोटाचे स्नायू लाकडासारखे आवळले जातात आणि आतलं सगळं बाहेर ढकललं जातं. आम्ही आज औषध देऊन ते स्नायू सैल करतो, म्हणून सर्जनला आत हात घालता येतो. त्या बाईंच्या बाबतीत तो सगळा जोर आवरायला त्यांच्या मनाशिवाय काही नव्हतं. गाठ भरली १० किलोच्या आसपास. पाचव्या दिवशी डॉक्टर बघायला गेले तर बाई स्वतःचं अंथरूण आवरत होत्या! २५ दिवसांनी घरी परतल्या आणि पुढे ३२ वर्षं जगल्या. १८४२ मध्ये गेल्या. बॉस्टनला ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली ती १८४६ मध्ये, म्हणजे त्यानंतर.

तुमच्या जन्मांच्या रकान्याशीही याचा धागा जुळतो. त्याच साली जन्मलेला डार्विन एडिनबराला डॉक्टरकी शिकायला गेला. तिथे भुलीविना होणाऱ्या दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची. त्या संपायच्या आत तो बाहेर पळाला, परत त्या दालनात गेला नाही. बघणाऱ्याची ही गत. मग टेबलावरच्या माणसाचं काय होत असेल?

सालवार:
हे माझ्या यादीत 'मॅकडॉवेल यांची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया' एवढंच होतं. नाव बदलतो. पण डॉक्टरांचं नाव दुसऱ्या क्रमांकावर टाकणं अन्याय होणार नाही ना?

भूलवाली:
त्यांचं श्रेय मोठंच आहे, आणि त्यांनी कसलीही घाई केली नाही. १८१७ मध्ये लेख प्रसिद्ध केला तो आणखी रुग्णांवर शस्त्रक्रिया करून झाल्यावर. पण त्या लेखात तीन रुग्णांची हकिगत आहे आणि नाव फक्त जेनचं. उरलेल्या दोघी गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. 'होय' किंवा 'नाही' म्हणायचा हक्क त्यांना कितपत होता, हे वेगळं सांगायला नको. माझी विनंती आहे की डॉक्टरांचं नाव लिहाल त्याच ओळीत या दोघींचा उल्लेख करा. जागा कमी पडली तर वाग्राम काढा.

नकाशेवाला:
माझा तह लहान अक्षरात गेला तरी चालेल. ही घटना वर घ्या.