दंड सरकारजमा होतो, मग ज्याची माहिती गेली त्याचं काय?

पाऊलवाट
ग्राहकाच्या खासगीपणाचा विषय निघाला की युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचे गोडवे गायले जातात. युरोपातल्या वापरकर्त्यांची माहिती अमेरिकेला पाठवल्याबद्दल २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने फेसबुकची मालक कंपनी मेटाला १.२ अब्ज युरो दंड ठोठावला. पण ज्यांची माहिती अमेरिकेला गेली, त्यांच्या हाती त्या दंडातलं काहीच पडलं नाही. याउलट अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा २००८ चा बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, चेहरा अशा शारीरिक ओळखीचा) कायदा बघा. लेखी संमतीशिवाय बोटांचे ठसे घेतले, तर माणूस स्वतः कोर्टात जातो. निष्काळजीपणा असेल तर १,००० डॉलर भरपाई, जाणूनबुजून केलं असेल तर ५,०००. वेगळं नुकसान दाखवावं लागत नाही. याच कायद्याखाली फेसबुकला ६५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. मला हाच खरा हक्क वाटतो.

तिसरा_डोळा
साफ असहमत. इलिनॉयमध्ये २०२३ च्या निकालाने प्रत्येक स्कॅन वेगळं उल्लंघन धरलं. कामगार रोज हजेरीला बोट लावतात, हिशोब करा! शेवटी २०२४ मध्ये विधिमंडळालाच कायदा बदलून माणशी एकच भरपाई असं ठरवावं लागलं. शिवाय तडजोडीतला मोठा वाटा वकील नेतात. आणि भरपाई तर जीडीपीआरच्या कलम ८२ मध्येही आहे.

पाऊलवाट
आहे, पण नुसतं उल्लंघन पुरत नाही, नुकसान दाखवावं लागतं. ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०२३ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. माझी माहिती कुठे कुठे फिरली हेच मला कळत नाही, तर नुकसान दाखवू कसं?

रुजुवात
निकालाचा अर्धाच भाग सांगताय. नुकसान गंभीरच असावं ही अटही त्याच निकालाने फेटाळली. पण मूळ मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचा. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, तोही सरकारच्या संचित निधीत जमा. भरपाईची सोय नाही. आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्यातलं भरपाईचं ४३अ कलम वगळण्याची तरतूदही त्यातच आहे. वर नागरिकाने खोटी तक्रार केली तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! हे वाचून मी फार अस्वस्थ झाले.

तिसरा_डोळा
४३अ बद्दल मान्य, ते कलम हवंच होतं. पण लाखो लोकांनी एकेकट्याने खटले भरण्यापेक्षा मला एक सक्षम, निर्भीड नियामक हवा.

पाऊलवाट
आणि तो नियामक गप्प बसला तर मी कुणाचं दार ठोठावू?