ओमानला इशारा पोचतो, मग सिंहगड रोडला का नाही?

ओढ्याकाठचा

परवा सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून सुरू झालेला वाद नेहमीप्रमाणे २५ जुलै २०२४ वर येऊन थांबला. त्या पहाटे सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आम्ही दोन गल्ल्या पलीकडे होतो. वॉचमननं दार बडवलं, तोच आमचा रेड अलर्ट. मोबाईलवर संदेश आला तो पाणी ओसरायला लागल्यावर. त्या चोवीस तासांत ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, शिवाजीनगरला ११४. म्हणजे डोंगरात काय चाललंय ते कुठल्यातरी पर्जन्यमापकाला रात्रीच कळलं होतं, फक्त ते आमच्यापर्यंत आलं नाही.

आता दुसरी बाजू बघा. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं की हवामान खात्याचं दिल्लीचं केंद्र तेरा देशांना सल्ले पाठवतं. त्यात बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका आहेत, तसे पाकिस्तान, इराण, ओमान, येमेनही आहेत. १९७० च्या भोला वादळात तीन लाखांवर माणसं गेली, त्यानंतर १९७२ मध्ये हा गट उभा राहिला. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-अलिबागला झोडपून पुण्यात झाडं पाडणाऱ्या वादळाचं ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशनं सुचवलेलं होतं.

एकमेकांशी धड बोलत नसलेले देश हे करू शकतात. मग धरणांची मापकं, महापालिकेची, महसूल मंडळांतली महावेधची दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं, कृषी महाविद्यालयांची नोंद, हे सगळं एका ठिकाणी, दर पंधरा मिनिटांनी, कुणालाही बघता येईल असं का नाही? पुणे, रायगड, सातारा, सोलापूर यांनी तरी एकत्र यावं. माझ्या मते नवा महासंगणक येण्याआधी हे व्हायला हवं.

सदाशिवपेठी

साफ असहमत. पोट दुखतंय आणि तुम्ही डोळ्यांत थेंब घालताय.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याच्या पुरात शहर आणि आसपास वीसहून जास्त जीव गेले. पाऊस कात्रजच्या बाजूला पडला, पाणी आलं दांडेकर पुलापर्यंत. त्या ओढ्याला वाहायला जागा किती ठेवली होती आपण? सीमाभिंती, रस्ते, पत्र्याची शेड. अशा ठिकाणी तासभर आधी कळलं असतं तरी लोक जाणार कुठे?

आणि देशादेशांच्या सहकार्याचं कौतुक जरा आवरा. सार्कचं हवामान संशोधन केंद्र १९९५ मध्ये ढाक्यात मोठ्या थाटात सुरू झालं. आज ते नाही. परिषदा होतात, फोटो निघतात, चहाबिस्किटं संपतात.

जुना सिमलावाला

दोघंही थोडे चुकताय. (रिक्षावाले आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि नवखे हसतात, म्हणून सांगतो: १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, त्याची ही खूण. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव मात्र राहिलं.)

सदाशिवपेठी, सगळ्याच परिषदा चहाबिस्किटांच्या नसतात. दक्षिण आशियातल्या देशांनी मोसमी पावसाचा एकत्रित अंदाज काढायला २०१० मध्ये सुरुवात केली, ती पहिली बैठक पुण्यातच झाली आणि ते काम अजून चालू आहे. हवेची मोजमापं घेणारे फुगेही जगभर ठरलेल्या एकाच वेळेला सोडतात, आपल्याकडच्या पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेधासाठी. ती मोजमापं सगळ्यांना मिळतात. ती थांबली तर कुठल्याच देशाचं हवामान अंदाजाचं संगणकी मॉडेल धड चालणार नाही.

ओढ्याकाठचे, तुमची ‘सगळी मापकं एकत्र करा’ ही कल्पना मला पटते आणि तिची भीतीही वाटते. मापक अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब असावं लागतं. प्रत्यक्षात गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकवलेली पाहिली आहेत मी. एकाच्या नरसाळ्यात कबुतरानं घरटं केलं होतं, पावसाळाभर शून्य पाऊस. असे आकडे मॉडेलमध्ये घातले तर अंदाज सुधारत नाही, बिघडतो. आधी प्रत्येक मापकाची तपासणी कोण करणार ते ठरवा.

आणि मॉडेलकडून किती अपेक्षा ठेवायची? पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं तयार केलेली भारत अंदाज प्रणाली मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटींवर चालते. आधी बारा होतं, म्हणजे मोठी झेप आहे. तरी कात्रजपासून स्वारगेटपर्यंतचा भाग तिच्यासाठी जवळजवळ एकच ठिपका. ओढ्याचा पूर त्यातून दिसणार नाही. त्याला रडार आणि डोंगरावरची मापकं, दुसरं काही नाही.

द्राक्षबाग (नारायणगाव)

शहरातल्यांनी पुरावर बोलावं, आम्ही गारांवर बोलतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं बघितली तो विसरणार नाही. घड उतरवायच्या आठवड्यात बाग झोपली. तसल्या पावसामागचा पश्चिमी झंझावात इराण-पाकिस्तानावरून येतो. तेव्हा तिकडची मोजमापं मला हवीतच, राजकारण काही का असेना.

पण ‘पुणे जिल्हा, यलो अलर्ट’ वाचून मी काय करू? हल्ली घाटमाथा वेगळा सांगतात ते बरं झालं. तरी आमच्यापासून इंदापूरपर्यंत एकच रंग. उन्हाळी ढग आमच्याकडं बऱ्याचदा पारनेरच्या अंगानं येतात. तिथं माझा मेव्हणा आहे. त्याच्याकडं गार पडली की तो फोन करतो, मला अर्धा तास मिळतो. तेवढ्यात क्रेट झाकून होतात. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप मात्र वापरतो, तिच्यामुळं दोनदा मजूर वेळेत शेडमध्ये घेतलेत.

सदाशिवपेठी

म्हणजे प्रादेशिक सहकार्य चालू आहे की, मेव्हण्यामार्फत!

थट्टा सोडा. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. इशारे आधीच उदंड झालेत. रेड अलर्ट, शाळांना सुट्टी आणि दिवसभर लख्ख ऊन. असं तीनदा झालं की चौथ्यांदा कुणी फोन बघत नाही. चार जिल्ह्यांचे आकडे उघडे केलेत की व्हॉट्सॲपवर दर तासाला एक ‘तज्ज्ञ’ उगवेल.

ओढ्याकाठचा

ते तज्ज्ञ आताही उगवतातच, फक्त बिनआकड्याचे.

ओढ्यांवरची अतिक्रमणं काढा, मी तुमच्याबरोबर मोर्चात येतो. पण ती काढेपर्यंत दरवर्षी पाऊस पडणारच आहे. आणि सिमलावाल्यांचा मुद्दा मान्य. तपासणीशिवाय मापक नको. मग सुरुवात लहान करू. सगळा जिल्हा नको, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांच्या वरचा भाग घ्या. तिथली तपासलेली मापकं आणि विसर्गाचा आकडा एका पानावर, मराठीत. ‘३५ हजार क्युसेक’ असं न लिहिता ‘भिडे पूल पाण्याखाली, अमुक सोसायटीच्या तळमजल्यात गुडघाभर’ असं.

जुना सिमलावाला

क्युसेकचं गुडघ्यात भाषांतर हे सगळ्यात अवघड काम आहे. त्याला पात्राचा ताजा नकाशा लागतो, आणि पात्र दरवर्षी बदलतं. भराव टाकणाऱ्यांच्या कृपेनं.

चंद्रभागा

पंढरपूरहून लिहितेय. तुमची मुठा खाली भीमेत येते आणि भीमा आमच्या दारात. उजनी भरलेली असली की पुण्याचा पाऊस आम्हाला भोगावाच लागतो. नदीच्या वाळवंटात आमचं प्रसादाचं दुकान आहे. सासरे पुण्याच्या बातम्या ऐकून ठरवायचे सामान कधी उचलायचं, आता मी पाच वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे बघून ठरवते आणि दोन आकडे कधीच जुळत नाहीत. ते पान काढाल तेव्हा चार धरणांवर थांबू नका, खाली दौंड आणि उजनीपर्यंत या. आषाढीच्या आत झालं तर बरं.