ब्रिटिश व्यंगचित्रांतील एप्रन : कामाचा पोशाख की चित्रकाराने वापरलेली खूण?

कुंचला (प्रश्न)

नमस्कार. अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यंगमुद्राचित्रांमध्ये कष्टकरी माणसांचे कपडे कसे दाखवले आहेत, याचा मी काही काळापासून अभ्यास करीत आहे. विल्यम होगार्थच्या १७५१ सालच्या 'बीअर स्ट्रीट' आणि 'जिन लेन' या जोडचित्रांपासून मी सुरुवात केली आणि आता जेम्स गिलरे व थॉमस रोलंडसन यांच्या राजकीय चित्रांपर्यंत पोहोचलो आहे. या चित्रांत पदोपदी एप्रन दिसतो. खाटीक, लोहार, पाववाले, मोलकरणी, मासळी विकणाऱ्या बायका यांच्या अंगावर तो असणे स्वाभाविक आहे. परंतु गिलरेच्या एका चित्रात खुद्द नेपोलियनच भट्टीसमोर उभा आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. त्या काळी अमुक व्यवसायाचा अमुक रंगाचा वा कापडाचा एप्रन, असा ठाम संकेत होता का, आणि असल्यास या चित्रांना त्याचा पुरावा मानता येईल का? दुसरे असे की, ज्यांनी आयुष्यात कधी हातात फावडे किंवा सुरी धरली नाही, अशा सत्ताधाऱ्यांना कामगारांचा पोशाख चढवण्यामागे चित्रकारांचा हेतू निव्वळ अपमानाचा होता, की त्यात आणखी काही अर्थ होता?

ताम्रपट

प्रश्न आवडला. होगार्थपासूनच सुरुवात करतो, कारण पोशाखातून माणसाचा धंदा सांगण्याची भाषा त्याने जितक्या काटेकोरपणे वापरली, तितकी फार थोड्यांनी वापरली असेल.

'बीअर स्ट्रीट'मधल्या खाटकाला आपण एप्रनपेक्षाही त्याच्या कमरेला लटकणाऱ्या, सुरीला धार लावण्याच्या सळईवरून ओळखतो. म्हणजे चित्रकार एप्रनवर एकट्यावर विसंबत नाही. एप्रनने 'हा हाताने काम करणारा माणूस आहे' एवढे कळते आणि नेमका धंदा हत्यारावरून कळतो. आता याच दृष्टीने 'जिन लेन' पाहा. तिथे सुतार आपला कोट आणि करवत सावकाराकडे गहाण टाकतो आहे आणि शेजारची बाई स्वयंपाकाची भांडी घेऊन उभी आहे. बीअर पिणाऱ्यांच्या अंगावर त्यांच्या धंद्याच्या खुणा शाबूत आहेत, तर जिन या कडक दारूच्या आहारी गेलेल्यांच्या अंगावरून त्या एकेक करून उतरत आहेत. ही चित्रे जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणाऱ्या १७५१ च्या जिन कायद्याच्या बाजूने लोकमत तयार करण्यासाठी काढली होती, हे लक्षात घेतले की कामाचा पोशाख त्यांच्या युक्तिवादाचाच भाग कसा आहे, ते स्पष्ट होते. अंगावर कामाचे कपडे आणि हाती हत्यार असणे हे तिथे सुस्थितीचे लक्षण आहे.

हाच विचार त्याने आधी १७४७ च्या 'इंडस्ट्री अँड आयडलनेस' या बारा चित्रांच्या मालिकेत मांडला होता. पहिल्या चित्रात लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या विणकराच्या कारखान्यात दोन उमेदवार, म्हणजे शिकाऊ कारागीर, आपापल्या मागावर आहेत. एक विणतो आहे, दुसरा झोपला आहे. मेहनती उमेदवार पुढे लंडनचा लॉर्ड मेयर होतो आणि त्याचे कपडे प्रत्येक पायरीवर बदलत जातात. उलट १७३२ च्या 'अ हार्लट्स प्रोग्रेस'मध्ये ब्राइडवेलच्या तुरुंगात ताग कुटण्याची शिक्षा झालेली नायिका मॉल भारी पोशाखातच उभी आहे. तिच्या अंगावर कामाचा पोशाख नाही, हीच त्या चित्रातली मर्मभेदक गोष्ट आहे.

जुने_कागद

ताम्रपट यांच्याशी मी सहमत आहे, पण रंगाच्या प्रश्नावर एक सावधगिरी सुचवावीशी वाटते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापली जात. होगार्थची मुद्राचित्रे मुळात रंगीत नाहीतच. गिलरेच्या काळापर्यंत छापलेल्या प्रतींवर हाताने जलरंग भरण्याची पद्धत रुळली होती. लंडनमध्ये हॅना हम्फ्रीच्या दुकानात गिलरेची चित्रे साधी आणि रंगीत अशा दोन्ही रूपांत मिळत आणि रंगीत प्रतीला जास्त पैसे पडत. रंग भरणारे कारागीर वेगळे असत, ते नमुन्याची प्रत समोर ठेवून भराभर काम करीत. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत तोच कोट वेगळ्या रंगाचा असू शकतो. काही प्रतींना तर नंतरच्या काळात रंग लावले गेले आहेत. म्हणून एका रंगीत प्रतीवरून 'खाटकाचा एप्रन निळा होता' असे विधान करणे धोक्याचे आहे. निरनिराळ्या संग्रहांतल्या प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात आणि मुळात कोरलेल्या रेषेतून जे दिसते, म्हणजे चौकडी, ठिगळ, चामड्याची जाडी, बांधण्याची पद्धत, त्यावर अधिक भर द्यावा.

तरीही निळ्या एप्रनची गोष्ट केवळ रंगाऱ्यांची कल्पना नाही. इंग्रजीत किरकोळ व्यापारी व कारागीर यांना तुच्छतेने 'निळे एप्रनवाले' म्हणत, आणि हे संबोधन विशेषतः अशा दुकानदारांसाठी वापरले जाई, जे आपला धंदा सोडून राज्यकारभारावर मते देतात असे वरच्या वर्गाला वाटे. लोहार, चांभार आणि पिंपे बनवणारे चामड्याचे एप्रन वापरीत, कारण ठिणग्या आणि धारदार हत्यारे यांच्यापुढे कापड टिकत नाही.

कामगारांचे प्रत्यक्ष कपडे संग्रहालयांत जवळजवळ नाहीत. ते फाटेपर्यंत वापरले जात, मग त्यांच्या चिंध्या होत, आणि लिननच्या चिंध्या शेवटी कागद बनवण्यासाठी विकल्या जात. या कारणाने आपल्याला दोन ठिकाणी पडताळा घ्यावा लागतो. एक, लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या खटल्यांचे छापील वृत्तान्त. १६७४ ते १९१३ या काळातले हे वृत्तान्त आता ऑनलाइन शोधता येतात, आणि चोरीच्या खटल्यांत एप्रन कोणत्या कापडाचा होता व त्याची किंमत किती धरली, हे पुष्कळदा नोंदलेले असते. दुसरे, फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमाच्या नोंदवह्या. तिथे आणून सोडलेल्या बाळाची पुढे ओळख पटावी म्हणून त्याच्या कपड्याचा तुकडा नोंदीला जोडून ठेवत. अठराव्या शतकाच्या मध्यातले असे सुमारे ५,००० तुकडे टिकून आहेत. गरीब घरांतल्या कापडाचा खरा रंग, खरी वीण पाहायची असेल तर त्यांच्याकडेच जावे लागते. एखाद्या निनावी आईने मागे ठेवलेला तो तुकडा आज आपल्या अभ्यासाचे साधन होतो, हे मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

सूतकताई

चर्चा आतापर्यंत बहुतांश पुरुषांच्या एप्रनवर चालली आहे, म्हणून स्त्रियांविषयी थोडे लिहिते.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रीमंत स्त्रियाही एप्रन घालत. तो रेशमाचा, भरतकामाचा किंवा नाजूक लेसचा असे. त्यामुळे एप्रनवरून दर्जा ओळखण्यात गोंधळ होण्याची शक्यता होती आणि हा गोंधळ काहींना खटकत असे. बाथ शहरातील मेजवान्यांचे नियम ठरवणाऱ्या बो नॅशने नृत्यसभेत आलेल्या डचेस ऑफ क्वीन्सबरी या उमराव स्त्रीचा मौल्यवान लेसचा एप्रन काढून मागे बसलेल्या दासींकडे फेकला आणि पांढरे एप्रन दासीच घालतात असे सांगितले, ही कथा त्याच्या चरित्रात येते. व्यंगचित्रात बाईच्या अंगावर एप्रन दिसला की तो कोणत्या कापडाचा आहे, आणि त्याच्या झालरीपेक्षा त्यावरच्या डागांकडे चित्रकाराने लक्ष वेधले आहे का, हे पाहिल्याशिवाय तिला मोलकरीण ठरवू नये.

दुसरा मुद्दा फेरीवाल्यांच्या चित्रांचा. फ्रान्सिस व्हीटलीने १७९० च्या दशकात काढलेल्या 'क्राइज ऑफ लंडन' या मालिकेतल्या विक्रेत्या स्त्रिया इतक्या स्वच्छ व टापटीप आहेत की दिवसभर लंडनच्या चिखलात फिरल्यावर कोणाचेही कपडे तसे राहणार नाहीत. रोलंडसनने १७९९ मध्ये याच विषयावर काढलेल्या चित्रांत माणसे बेढब आहेत, गडबडलेली आहेत, ग्राहकाशी हुज्जत घालणारी आहेत. पहिला गरिबीला गोंडस करतो आणि दुसरा तिला हास्यास्पद करतो. दोघेही खरेदीदाराच्या आवडीचा विचार करूनच चित्र काढीत होते. माझ्या मते पॉल सँडबीची १७६० ची बारा चित्रे या दोघांपेक्षा रस्त्याच्या अधिक जवळ आहेत.

ताम्रपट

सूतकताई यांचा मुद्दा योग्य आहे. आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला, तो म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या अंगावरचा एप्रन. माझ्या मते त्याची पूर्वतयारी लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघातील १७८४ च्या संसदीय निवडणुकीत सापडते. त्या मतदारसंघात सुमारे १२,००० मतदार होते आणि त्यांत दुकानदार, कारागीर, खाटीकही होते. इतका विस्तृत मताधिकार त्या काळी इंग्लंडमध्ये क्वचितच होता. मतदान ४० दिवस चालले. तिथून निवडणूक लढवणाऱ्या चार्ल्स जेम्स फॉक्सच्या प्रचारासाठी डचेस ऑफ डेव्हनशर जॉर्जियाना रस्त्यावर उतरली आणि तिने मतासाठी खाटकाचे चुंबन घेतल्याची वदंता पसरली. १२ एप्रिल १७८४ च्या रोलंडसनच्या चित्रात ती खाटकाला मिठीत घेताना दिसते. सोहोतील मद्यालयाचा मालक सॅम हाउस हाही फॉक्सचा कट्टर समर्थक. विग आणि कोट न घालता वावरणारा हा माणूस त्या वर्षीच्या अनेक चित्रांत फॉक्सच्या शेजारी दिसतो. या चित्रांची टीका एका बाजूने डचेसवर आहे हे खरे, पण 'निळे एप्रनवाले' राज्याचा निकाल ठरवू लागले आहेत, ही अस्वस्थताही त्यांत स्पष्ट आहे. जॉर्जियानाला तिच्या हयातीत जे सोसावे लागले ते अन्यायाचे होते, असे मला वाटते. प्रचार पुरुषही करीत होते, पण अशी चित्रे तिच्या वाट्याला आली.

आता नेपोलियनच्या चित्राकडे येऊ. गिलरेचे 'टिडी-डॉल' हे चित्र २३ जानेवारी १८०६ चे आहे. नेपोलियन जिंजरब्रेड भाजणारा झाला आहे आणि लांब दांड्याच्या फावड्यावरून भट्टीतून ताजे राजे बाहेर काढतो आहे: बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, बाडेन या जर्मन राज्यांचे. फ्रान्स व ऑस्ट्रिया यांच्यातील प्रेसबर्गच्या तहानंतर बव्हेरिया व व्युर्टेम्बर्ग यांच्या शासकांनी १ जानेवारी १८०६ पासून राजेपद धारण केले होते, म्हणजे चित्र अवघ्या तीन आठवड्यांत बाजारात आले. मागे नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री तालेरां कणीक तिंबतो आहे, खाली राखेच्या खड्ड्यात मोडकी राज्ये पडली आहेत.

टिडी-डॉल हा लंडनच्या जत्रांत जिंजरब्रेड विकणारा खराखुरा फेरीवाला होता. तो उंची पोशाख करी, टोपीत पीस खोवी आणि त्या थाटावर स्वच्छ पांढरा एप्रन बांधी. होगार्थच्या 'इंडस्ट्री अँड आयडलनेस' मालिकेतल्या अकराव्या चित्रात, टायबर्नच्या फाशीच्या गर्दीत, तो आपला माल विकताना दिसतो. म्हणजे गिलरेने नेपोलियनला नुसते 'पाववाला' म्हटलेले नाही. उमरावासारखा नटलेला पण धंद्याचा एप्रन लपवू न शकलेला जत्रेतला विक्रेता, असे म्हटले आहे. ही उपमा चपखल आहे, कारण स्वतःच्या बळावर सम्राट झालेल्या माणसावरचा संपूर्ण आक्षेप एका पोशाखात मावतो. म्हणून निव्वळ अपमान, असे मी म्हणणार नाही.

कुंचला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिडी-डॉलचा होगार्थशी असलेला धागा मला अपरिचित होता. एक उपप्रश्न विचारतो: होगार्थच्या १७३८ च्या 'नाइट' या चित्रात रस्त्यावरून धडपडत जाणाऱ्या एका माणसाने एप्रन घातला आहे आणि गळ्यात गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार) अडकवला आहे. तो गवंडी समजावा का?

जुने_कागद

नाही, तो फ्रीमेसन, म्हणजे त्या नावाच्या बंधुसंघटनेचा सदस्य आहे. त्या संघटनेने पाथरवटांचा एप्रन आणि गुण्या या वस्तू आपली चिन्हे म्हणून स्वीकारल्या होत्या, आणि गुण्या हे लॉजच्या, म्हणजे तिच्या स्थानिक शाखेच्या, प्रमुखाचे चिन्ह होते. ती व्यक्ती म्हणजे दंडाधिकारी सर थॉमस डी व्हील, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जिनच्या विक्रीविरुद्ध कठोर कारवाई करणारा हा दंडाधिकारी चित्रात स्वतःच नशेत आहे. होगार्थही फ्रीमेसन होता, त्यामुळे हे चिन्ह त्याने पूर्ण जाणीवपूर्वक वापरले आहे. आपल्या नोंदींमध्ये फ्रीमेसनांचे एप्रन आणि इंग्लिश बिशपांचा एप्रनसदृश आखूड झगा हे दोन प्रकार सुरुवातीपासूनच वेगळे ठेवावेत. ब्रिटिश म्युझियमच्या व्यंगचित्रसूचीत १७,००० हून अधिक चित्रांची वर्णने आहेत आणि बहुतेक ठिकाणी पोशाखाचा स्पष्ट उल्लेख असतो. तिथे नुसते 'एप्रन' शोधले तर हे तिन्ही प्रकार एकत्र येतील, म्हणून त्याच्या जोडीला धंद्याचे किंवा हत्याराचे नाव घालून शोध घ्यावा.