घरात पोलीस होता त्यांनी लिहा : बेळगाव-सीमाभागातल्या आठवणी

माझे वडील पोलीस खात्यात एएसआय (सहायक उपनिरीक्षक) म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या पावसाळ्यात वारले. बाराव्याला आलेल्या माणसांनी त्यांच्याबद्दल जे सांगितलं, त्यातलं निम्मं आम्हा घरच्यांना ठाऊकच नव्हतं. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं तुमच्या घरात पोलीस होता, त्याच्याबद्दल लिहा. शौर्यकथा नसली तरी चालेल. खरं तर नकोच.

सुरुवात मी करते. पप्पांच्या खिशात कायम एक छोटी वही असे. पुढून उघडली की कन्नडमध्ये स्टेशनची कामं : समन्स कुणाला बजावायचं, कोर्टाची तारीख, कुणाची म्हैस कुणाच्या उसात शिरली. मागून उघडली की मराठीत घर : रेशन, आजीच्या बीपीच्या गोळ्या, माझी ट्यूशनची फी. दोन्हीकडून भरत वही मध्यावर आली की नवी घ्यायचे. आईनं सगळ्या ट्रंकेत ठेवल्यात. एकीत पुढच्या बाजूला बाजारातल्या मारामारीचा अर्धवट जबाब आहे, आणि मागे त्याच तारखेला ‘बेबीचे बूट ५ नंबर’. बूट मला आठवतात, सैल झाले होते. मारामारीबद्दल मात्र ते घरी कधी अक्षर बोलले नाहीत.

१ नोव्हेंबरला तर आमच्याकडे गंमतच. शहरात एकीकडे राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी. मामा फेरीत, पप्पा बंदोबस्ताला. रात्री दोघं एकाच पंगतीला. मामा म्हणायचा, “दाजी, आज ढकललात की हो मला.” पप्पा म्हणायचे, “पडलास काय? नाही न्हवं? मग जेव.”

शहापूरहून

आमचे आजोबा मुंबई राज्याच्या पोलिसात भरती झालेले. ३१ ऑक्टोबर १९५६ ला रात्रपाळीला गेले ते मुंबई राज्याचे, सकाळी परतले ते म्हैसूर राज्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकाचे. ठाणं तेच, लाठी तीच. पण हळूहळू कागद कन्नडमध्ये आले आणि आजोबांना अक्षर ओळखता येईना. शेजारच्या लिंगायत घरातल्या पोराचं पहिलीचं पुस्तक घेऊन कंदिलाखाली गिरवायला बसायचे. पोरगं चुका काढायचं. चूक निघाली की आजोबा त्याला कडक सॅल्यूट ठोकायचे. पुढं ते पोरगं मास्तर झालं आणि आजोबांच्या मयताला खांदा द्यायला आलं.

निपाणी

१९८१ चं तंबाखूच्या भावासाठीचं आंदोलन थोरल्यांना आठवत असेल. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. आमचे काका तंबाखूवाले, रस्त्यावर बसलेले. बाबा पोलीस, पण त्या दिवशी ड्यूटी दुसऱ्या गावी. एवढं खरं असूनही भावकीत कित्येक वर्षं कुणी मानलं नाही. बाबांनी कधी खुलासा दिला नाही. काकांच्या शेतात तंबाखूची खुडणी असली की रजा टाकून जायचे आणि खाली मान घालून काम करायचे. बोलणं पुन्हा कसं सुरू झालं ते मला माहीत नाही, मी लहान होतो. माझ्या मुंजीच्या फोटोत मात्र दोघं शेजारी उभे आहेत.

खानापूर तालुका

इतकं गोड नका लिहू. आमचे वडील घरीही ठाण्यासारखेच वागायचे. डब्यातले दहा रुपये कमी झाले तर आम्हा तिघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून चौकशी. बदल्याही सतत : रायबाग, अथणी, सौंदत्ती. जिथं मराठी शाळा नाही तिथं कन्नड शाळेत घातलं. त्याचा राग होता, आता उपयोगही झाला, दोन्ही लिहून ठेवते. रिटायर झाल्यावर मात्र माणूस बदलला. पहाटे उठून सगळ्यांना चहा करायचे आणि साखर घालायला विसरायचे. आम्ही मुकाट्यानं प्यायचो, तेवढी दहशत शिल्लक होती.

अनगोळ

मी पोलिसाची बायको. नोकरीत असेपर्यंत ह्यांना घरच्या गणपतीची आरती कधी पुरी मिळाली नाही. बेळगावची विसर्जन मिरवणूक तुम्हाला माहीतच आहे, कपिलेश्वर तलावाकडं जाता जाता दुसरा दिवस उजाडतो. हे घरी यायचे तेव्हा बूट निघायचे नाहीत, एवढे पाय सुजलेले. मी बादलीत मीठ-पाणी करून ठेवायची. त्यात पाय सोडून बसल्या बसल्या झोपायचे, हातात भाकरीचा तुकडा तसाच. रिटायर झालेल्या वर्षी म्हटलं, आता तरी घरी बसा. आरती झाली आणि चप्पल घालून पसार. रात्री मुलगा शोधायला गेला तर हे कपिलेश्वरला, साध्या कपड्यात, ट्रॅक्टर मागं घ्यायला लावत होते. बंदोबस्ताचा फौजदार विचारतोय, “काका, इथं काय करूलायसा?” त्यालाच म्हणाले, “तू त्या बाजूला बघ.”

हिंडलगा

कर्नाटकात २ एप्रिल हा पोलीस ध्वज दिन असतो. परेडला निवृत्त अधिकाऱ्याला पाहुणा म्हणून बोलावतात. आमचे मामंजी तेवढ्या मोठ्या हुद्द्याचे नव्हते, पण दर वर्षी परेड बघायला जायचे आणि कुणाची रांग वाकडी होती ते आम्हाला जेवताना सांगायचे.

त्यांनी नणंदेला बघायला आलेल्या मुलाचा जबाबच नोंदवला होता. पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार, तालुका, जिल्हा. बिचारा खुर्ची सोडून सगळी उत्तरं उभं राहून देत होता. शेवटी सासूबाई आतून ओरडल्या, “अहो, पोह्यांना आलाय तो, सही-अंगठा कसला घेताय?” लग्न जमलं. आमचे जावई आजही त्या खुर्चीवर बसत नाहीत.