सोशल एन्टरप्राइझ आणि ह्युमन सिक्युरिटी, मराठीत काय म्हणायचं?

बांगलादेशात गरिबांसाठी काम करणाऱ्या ब्रॅक संस्थेवर मराठीत लेख करतेय. सोशल एन्टरप्राइझला, म्हणजे समाजाच्या कामासाठी चालवलेल्या धंद्याला, जिथे बघावं तिथे 'सामाजिक उपक्रम' दिसतंय, पण उपक्रम म्हटलं की आपल्याकडे रक्तदान शिबिर, वह्यावाटप आणि पेपरात फोटो. ब्रॅकचं 'आरोंग' तर चक्क कपड्यांचं दुकान आहे, १९७८ पासूनचं. आणि ह्युमन सिक्युरिटीला 'मानवी सुरक्षा' लिहिलं की वॉचमन डोळ्यासमोर येतो. सुचवा काहीतरी.

---

उपक्रम नकोच, सरळ 'सामाजिक उद्योग' लिहा. नसते उद्योग म्हणून कोणी हसलं तर हसू दे. उद्योग म्हटलं की विक्री आली, गिऱ्हाईक आलं, आणि आरोंगचा सगळा मुद्दाच तो आहे ना, माणिकगंजच्या बायका रेशमी कापड करून द्यायच्या आणि ढाक्यातले दुकानदार पैसे लटकवून ठेवायचे, तोवर घरी चूल कशी पेटायची? म्हणून ब्रॅकनं स्वतःचंच दुकान काढलं, माल पोचला की बाईच्या हातात पैसे. यात दान कुठंय?

---

+१. आपलं लिज्जतच घ्या की. १९५९ ला गिरगावात सात जणी, ८० रुपये उसने आणि तेही फेडायचेच असं ठरवून. त्याला उपक्रम म्हणून बघा एकदा, कसंतरीच वाटतं.

---

सुरक्षेचं म्हणाल तर वॉचमनचा एवढा बाऊ नको, 'अन्नसुरक्षा' रेशनच्या रांगेतल्या माणसालाही कळते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालात पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या टीमनं ही कल्पना मांडली ती अशीच, अन्न, आरोग्य, रोजगार, पर्यावरण वगैरे धरून सात बाजू, रणगाड्यांवरून लक्ष काढून माणसाकडे. मला खटकतो तो 'मानवी', कारण मानवी साखळी, मानवी बॉम्ब! अहवाल 'मानव विकास' तर ही 'मानव सुरक्षा'.

---

मानव सुरक्षा मान्य. पण सामाजिक उद्योगाचं लेबल जरा जपून लावा हं, आंध्रात मायक्रोफायनान्सवाले, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणारे, पण गरिबांसाठीच म्हणत आले होते, वसुलीचा जाच इतका झाला की २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. विक्री आहे, गिऱ्हाईक आहे, मग तेही यात बसवणार का?

---

शब्दात बसतातच, चांगलं की वाईट ते लेखात लिहीन, शब्दावर कशाला लादू. 'सामाजिक उद्योजक' तर आधीपासून रुळलाय, त्याच्या जोडीला 'सामाजिक उद्योग' बरा बसतो. मथळा असा करते: 'मानव सुरक्षा आणि सामाजिक उद्योग: ब्रॅकचं उदाहरण'. संपादक 'उपक्रम' करतील अशी दाट शंका आहे 😄