तातडीने मदत हवी: फराळाच्या बिलात ५ टक्के आतून काढायचे की वरून लावायचे?

फराळवाली_ठाणे
ऐरोलीच्या एका कंपनीची दिवाळीची ऑर्डर आहे. २०० बॉक्स, दर ५२५ रुपये, पीओवर (खरेदी ऑर्डरवर) "सर्व करांसह" असं लिहिलंय. आता त्यांच्या अकाउंट्सचं म्हणणं, टॅक्स वेगळा दाखवलेलं बिल द्या, नाहीतर पेमेंट अडेल. माझे दीर म्हणतात, १,०५,००० वर ५ टक्के म्हणजे ५,२५० व्हॅट दाखवा. शेजारचे दुकानदार म्हणतात ५,०००. कोणाचं बरोबर? बिल उद्या द्यायचं आहे. फक्त आकडा आणि बिलाचा नमुना हवाय, बाकी भाषण नको, प्लीज.

नौपाडा_नाका
५,०००. किंमत करांसह असेल तर कर आतून काढायचा. सूत्र: किंमत × ५ ÷ १०५. ५ टक्क्यांसाठी सोपं म्हणजे थेट २१ ने भागा. १,०५,००० ÷ २१ = ५,०००. मूळ किंमत १,००,०००, त्यावर सीजीएसटी (केंद्राचा) २,५०० आणि एसजीएसटी (राज्याचा) २,५००. दिरांनी करावरही कर लावलाय. १८ टक्क्यांच्या वस्तूला १८ ने गुणून ११८ ने भागायचं. ११८० च्या वस्तूत कर १८० असतो, २१२ नाही. एमआरपीवर "सर्व करांसह" छापलेलं असतं तिथेही हाच हिशेब.

तुर्भे_मार्केट
फरसाणला १२ टक्के आहे ना? पॅकिंग करून लेबल लावलं की १२, सुट्टं विकलं तर ५. आम्ही एपीएमसीत इतकी वर्षं हेच बघतोय.

लेखापाल_वाशी
ते जुनं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा टप्पाच काढलाय. चिवडा-शेव पॅकबंद असो की सुट्टी, ५ टक्के. मिठाई आधीही ५ मध्येच होती.
ताई, आकडा सांगण्याआधी तीन गोष्टी सांगा. नोंदणी आहे का? असेल तर रेग्युलर की कंपोझिशन (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना)? आणि बॉक्समध्ये फराळाशिवाय काही आहे का?

जुना_व्यापारी
मुळात हा व्हॅट नाहीच, जीएसटी आहे. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ ला आला आणि १ जुलै २०१७ ला गेला. त्याआधी आम्ही काय काय भरलं ते आम्हालाच ठाऊक. मुलुंड चेकनाक्यावर जकातीसाठी टेम्पोंची रांग, नवी मुंबईत महापालिकेचा उपकर वेगळा, मग ठाण्यात एलबीटी (स्थानिक संस्था कर). वर्तकनगरहून वाशीला माल पाठवायचा म्हणजे कागदांची थप्पी सोबत द्यावी लागायची. आताच्या पोरांनी तक्रार करू नये.

पाचपाखाडी_९
काका, व्हॅट गेलेला नाही. पेट्रोल, डिझेल आणि दारू अजून जीएसटीबाहेर आहेत. ठाणे, नवी मुंबई, मुंबईत पेट्रोलवरच्या व्हॅटचा दर उरलेल्या राज्यापेक्षा वेगळा ठेवलाय. २०२४ च्या बजेटमध्ये तो २६ वरून २५ टक्के केला, वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आहेतच. डिझेल २४ वरून २१ टक्के.

जुना_व्यापारी
मी फराळाबद्दल बोलतोय, पेट्रोलबद्दल नाही.

फराळवाली_ठाणे
अहो, पेट्रोलचं काय मध्येच! नोंदणी आहेच, २७ ने सुरू होणारा नंबर आहे, म्हणून तर ऑर्डर मिळाली. बॉक्समध्ये लाडू, चिवडा, शंकरपाळे, करंजी. माझा सीए तिमाही संपली की १८ तारखेला सीएमपी-०८ भरतो, वर्षातून एकदा मोठं रिटर्न. तो सध्या गावी गेलाय, फोन लागत नाही. मग ५,००० दाखवून बिल करू ना?

लेखापाल_वाशी
नाही, थांबा. सीएमपी-०८ म्हणजे तुम्ही कंपोझिशनमध्ये आहात. ५,००० पण नाही आणि ५,२५० पण नाही. तुमच्या बिलात कराची ओळच येत नाही.
कंपोझिशनवाल्याने ग्राहकाकडून जीएसटी वसूल करायचा नसतो. तुमचा कर म्हणजे उलाढालीच्या १ टक्का, तोही स्वतःच्या खिशातून. या ऑर्डरवर १,०५० रुपये. टॅक्स इन्व्हॉइस नाही, "बिल ऑफ सप्लाय" द्यायचं. वर स्पष्ट छापायचं की विक्रेता कंपोझिशन करदाता आहे, पुरवठ्यावर कर वसूल करण्यास पात्र नाही. खाली एकच रक्कम, १,०५,०००. कर वेगळा दाखवून घेतलात तर तो सगळा सरकारात भरावा लागेल, वर दंड आणि योजनेतून बाहेर जायची वेळ.

घोडबंदर_उद्योजक
म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, कंपोझिशन सोडा आणि रेग्युलर व्हा. कंपन्या क्रेडिटशिवाय (खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या करातून वजा मिळाल्याशिवाय) माल घेतच नाहीत. मी वागळे इस्टेटमध्ये पॅकेजिंगचा धंदा करतो. रेग्युलर झालो तेव्हाच मोठी गिऱ्हाइकं आली. योजनेतून बाहेर पडायचा फॉर्म सीएमपी-०४ भरा, शिल्लक मालाचं क्रेडिटही मागता येतं.

लेखापाल_वाशी
दादा, तुमचं गिऱ्हाईक कारखाना आहे, ताईंचं गिऱ्हाईक शेवटी लाडू खाणारा आहे. आकडे मांडून बघू. समजा या ऑर्डरला डाळ, तूप, खोके मिळून २०,००० चा माल लागला, त्यावर ५ टक्के म्हणजे १,०००.
रेग्युलर: विक्रीवरचा कर ५,०००, खरेदीवरचा १,००० वजा, भरायचे ४,०००. मूल्यवर्धन ८०,००० चं, त्याचे ५ टक्के बरोबर ४,०००. मूल्यवर्धित कर म्हणतात तो हाच, व्हॅटमध्येही तत्त्व हेच होतं. ताईंच्या हातात उरले ८०,०००.
कंपोझिशन: १,०५,००० मधून मालाचे २१,००० गेले (क्रेडिट नाही), १,०५० कर गेला, उरले ८२,९५०. गिऱ्हाईक किंमत तीच देतंय, मग २,९५० रुपये का सोडायचे? शिवाय एकदा बाहेर पडलात की परत यायला पुढचं आर्थिक वर्ष उजाडेल.

घोडबंदर_उद्योजक
आणि ऑर्डरच गेली तर? कंपनी क्रेडिट मागतेय, ते कुठून देणार?

नेरुळ_ऑडिट
तेच विचारायला आले. हे बॉक्स कंपनी कशासाठी घेतेय? कर्मचाऱ्यांना दिवाळी भेट म्हणून वाटायला ना? मग क्रेडिट त्यांना तसंही मिळत नाही. कायद्याचं कलम १७(५) वाचा: भेट म्हणून दिलेल्या वस्तूंचं क्रेडिट बंद, खाद्यपदार्थांचं आणखी वेगळ्या पोटकलमाने बंद. ताईंनी अगदी टॅक्स इन्व्हॉइस दिलं आणि ते त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसलं, तरी त्यांना ते सोडूनच द्यावं लागणार. कंपनीला खर्च दोन्हीकडे १,०५,००० च.
माझं काम हेच असल्याने कळकळीने सांगते. दर दिवाळीला घरून फराळ करणाऱ्या बायकांना कंपन्या विनाकारण टॅक्स इन्व्हॉइस मागतात, आणि बायका घाबरून एक तर ऑर्डर सोडतात किंवा बेकायदा बिल करून देतात. अकाउंट्सला नम्रपणे हे कलम लिहून मेल करा.

कोपरखैरणे_सेक्टर
आमची कंपनी घेते की क्रेडिट! बिझनेस प्रमोशनच्या खात्यात टाकतात.

नेरुळ_ऑडिट
खात्याचं नाव बदलून भेट बदलत नाही. पेटीवर लोगो असला तरी आत लाडूच आहेत. तपासणीत निघालं तर व्याजासकट परत भरावं लागतं.

कळवा_किचन
एक लक्षात ठेवा, बिलावर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर हवाच. १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे.

पाचपाखाडी_९
याच विषयावर माझंही विचारून घेतो. स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलच्या बिलावर "कंपोझिशन" छापलेलं होतं आणि खाली ५ टक्के जीएसटी लावलेला. मालक म्हणाला, हॉटेलला ५ टक्केच असतो. खरं आहे का?

लेखापाल_वाशी
दर ५ आहे म्हणूनच गोंधळ होतो. रेग्युलर हॉटेल ५ टक्के ग्राहकाकडून घेतं. कंपोझिशनमधलं हॉटेलही ५ टक्केच भरतं, पण स्वतःच्या गल्ल्यातून. त्याने तुमच्याकडून घ्यायचा नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉग-इन न करताही बिलावरचा नंबर टाकून बघता येतं, करदाता रेग्युलर आहे की कंपोझिशन ते तिथे लिहिलेलं असतं. बिल नीट ठेवा, ते दाखवून पैसे परत मागा.

फराळवाली_ठाणे
मेल केला. त्यांचा सीनियर म्हणाला, भेटीचंच आहे, बिल ऑफ सप्लाय चालेल. नेरुळताई, वाशीकर, मनापासून आभार, रात्रीपासून डोक्याला ताप होता. पण आता दोन नवीन मागण्या आल्यात. प्रत्येक बॉक्समध्ये परफ्यूमची छोटी बाटली हवी, आणि २५ बॉक्स पणजीच्या ऑफिसला पाठवायचे. दर कसा लावू?

लेखापाल_वाशी
परफ्यूमला १८ टक्के आहे. रेग्युलर असतात तर एका किमतीत एकत्र विकलेल्या अशा बॉक्सला मिश्र पुरवठा धरून सगळ्यात जास्त दर लागला असता, म्हणजे लाडवांवरही १८. त्याच १,०५,००० मधून १६,०१७ रुपये कर गेला असता. तुम्हाला मात्र १ टक्काच. फक्त बाटली विकत घेताना भरलेले १८ टक्के तुम्हाला परत मिळणार नाहीत, म्हणून बाटलीची करासकट किंमत दरात धरा आणि पीओ बदलून घ्या. जुन्या ५२५ मध्ये बसवू नका.
पणजीचं जपून. कंपोझिशनमध्ये राज्याबाहेर माल पुरवता येत नाही. बिल ऐरोलीच्या ऑफिसच्या नावे करा, सगळे २०० बॉक्स तिथेच पोचते करून सही घ्या. पुढे पणजीला पाठवायचं ते त्यांचं ते बघतील. तुमच्या नावाने गोव्याचं कुरियर करू नका.

घोडबंदर_उद्योजक
खोके लागले तर सांगा ताई, २०० नग उद्या दुपारपर्यंत वर्तकनगरला देतो. पण मी रेग्युलर आहे, कर लागेल.