घार नव्हे, ससाणा असणार

कुणाची पाळलेली कबुतरं परतली नाहीत, तर ती घारीने नेली असं म्हटलं जातं. पटत नाही. धडधाकट उडतं कबुतर धरणं घारीच्या सहसा आवाक्यात नसतं. ती आजारी किंवा पिल्लू उचलते. गेल्या मार्गशीर्षात आमच्या पंचवटीच्या गच्चीवरून शर्यतीची सात सोडली, पाचच परतली. दोन दिवसांनी शेजारच्या टाकीवर एकाचे अवशेष मिळाले: दोन्ही पंख खांद्याला तसेच जोडलेले, छातीचं हाड साफ कोरलेलं, पायात आमचीच कडी. हे काम बहिरी ससाण्याचं.

शिक्रा हा दुसरा शिकारी पक्षी ढाबळीजवळच्या (कबुतरांच्या खुराड्याजवळच्या) झाडात दबा धरतो, बहिरी मात्र उंचावरून ताशी 300 किमीच्या वर सूर मारतो. बहिरी हिवाळी पाहुणा खरा, पण त्याचा भाऊबंद शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही असतो. तेव्हा थंडी सरली की सुटलो, असंही नाही. (गलोल मात्र काढू नका, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघेही संरक्षित आहेत.)